किराणा घरपोच आला, पण दळणाचं काय? लातुरातला सव्वा वर्षाचा अनुभव

मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागली तेव्हापासून घरात किराणा, भाजी आणि दळण कसं आणायचं याची आमची एक पद्धत बसत गेली. आता जून २०२१ उजाडलाय. दोन लाटा आणि मधली जुलैची टाळेबंदी एवढं सगळं या पद्धतीने पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे सासूबाई आहेत, सत्तरीच्या पुढच्या, त्यात दमा. त्यामुळे स्वस्त कुठे मिळतं याच्या आधी घराबाहेर कोण पडणार, कितीदा आणि किती वेळ, हे ठरवावं लागलं.

निकाल आधीच सांगून टाकते. ओळखीच्या दुकानाला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवणं हे सगळ्यांत चांगलं चाललं. दारावरच्या गाड्याची भाजी, चांगली. मोठ्या सुपरमार्केटचं अॅप आमच्या काही कामाचं निघालं नाही. पाकिटं धुणं-पुसणं आता बंद आहे. आणि ज्या गोष्टीबद्दल कोणीच काही सांगत नव्हतं, ती म्हणजे पिठाची गिरणी. या सगळ्यात मला खरी भीती तिचीच वाटली.

आमचे दुकानदार अप्पा गल्लीच्या तोंडाशीच बसतात. सासूबाईंचं खातं त्यांच्या वडिलांपासूनचं. जनता कर्फ्यूनंतर त्यांनी दुकानापुढे आडवं बाकडं टाकलं, दोरी बांधली आणि जमिनीवर चुन्याने गोल आखले. गोल सगळ्या शहरात आखले गेले होते, पण लातूरचा एप्रिल म्हणजे पारा चाळिशीच्या आसपास. त्या गोलात उभं कोण राहणार? लोकांनी आपापल्या गोलात पिशवी ठेवली, कुणी चप्पल काढून ठेवली, आणि सगळे जाऊन शेजारच्या लिंबाखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले. वर अप्पा ओरडायलेत, "अहो, गर्दी कशाला करायलात, लांब ऱ्हावा की!" आणि ते ऐकू जावं म्हणून अप्पांचा मास्क हनुवटीवर. पिशव्यांमधलं अंतर मात्र अगदी नियमात होतं.

ते पाहून त्याच आठवड्यात यादी पाठवायला सुरुवात केली. आदल्या रात्री यादी, सकाळी दुकानातला पोरगा माल बांधून ठेवणार, दुपारी सामसूम झाली की एकाने जायचं, पिशवी उचलायची, निघायचं. पुढे त्यांनी घरपोच द्यायलाही सुरुवात केली. पैसे फोनवरून. दुकानात जाण्यात पूर्वी पाऊण तास मोडायचा, आता जेमतेम दोन मिनिटं लागतात, तीही उघड्यावर.

यात कुरबुरी आहेतच. आधी मी आवाजी निरोप पाठवायचे, त्यातलं अर्धं पोराच्या डोक्यावरून जायचं. कागदावर लिहून फोटो पाठवायला लागल्यापासून बरंच सुधारलं. नुसतं 'तूरडाळ' लिहिलं तर जी हाताला लागेल ती येते. आपण डाळ मिलच्या गावात राहतो, इथे 'फटका' डाळ वेगळी आणि साधी वेगळी हे पोरालाही कळतं, पण न सांगता तो तरी का डोकं लावेल? एखादी वस्तू नसेल तर फोन करायचा, मनाने दुसरी टाकायची नाही, हे दोन-तीनदा बजावावं लागलं. सुटा माल डोळ्यांदेखत तोलला जात नाही हीसुद्धा एक अडचण आहे. अप्पांच्या मापाबद्दल तक्रार नाही. पण मधल्या काळात दुसऱ्या एका दुकानातून शेंगदाणे मागवले होते. घरच्या काट्यावर दर वेळी कमी भरायचे आणि तळाशी खवट निघायचे, म्हणून ते बंद केलं. सूट मिळत नाही, छापील भावानेच घ्यावं लागतं. आणि या वर्षभरात गोडेतेल जवळजवळ दीडपटीवर गेलंय, त्यामुळे महिन्याचं बिल पाहून आमच्या ह्यांचा चेहरा उतरतो. त्यात दुकानदाराचा दोष नाही.

सुपरमार्केटच्या अॅपबद्दल थोडक्यात. टाळेबंदीच्या सुरुवातीला माल पोचवण्याची वेळच मिळायची नाही, मिळाली तर माल चार-पाच दिवसांनी, त्यातही निम्मं 'उपलब्ध नाही'. प्रत्यक्ष जावं तर एसीसाठी काचा बंद, दारात ताप मोजणारं यंत्र कपाळावर रोखलेलं, आणि आत बिलाच्या रांगेत अर्धा तास. ताप नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते, मग त्या यंत्राचा किती भरवसा धरायचा? बंद खोलीत अर्धा तास काढण्यापेक्षा अप्पांचं बाकडं शंभर पटींनी बरं.

आता धुण्याबद्दल. सुरुवातीला सगळ्यांच्याच मनात धास्ती होती. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा प्रयोग गाजला होता. प्लास्टिक आणि स्टीलवर विषाणू दोन-तीन दिवस, तर पुठ्ठ्यावर दिवसभर तग धरतो, असा. तो प्रयोगशाळेतला होता हे बातम्यांत राहून गेलं. घरोघरी बिस्किटाचे पुडे साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालणं सुरू झालं. आमच्या शेजारी तर नोटांना इस्त्री होत होती. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. धोका मुख्यतः माणसाच्या श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून, त्यातही कोंदट जागी. तेव्हापासून आमच्याकडे पिशवी आत आली की सामान जागेवर लावायचं आणि साबणाने हात धुवायचे, एवढंच.

भाजी धुणं मात्र चालू आहे, ते करोनाच्या आधीही होतंच. फक्त लातुरात धुवा म्हणणं सोपं नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. २०२१ मध्येही आमच्याकडे नळ येतो तो आठ-दहा दिवसांनी, बाकी टँकर नाहीतर बोअर. तेव्हा 'वाहत्या पाण्याखाली धुवा' असं वाचलं की हसू यायचं. आम्ही एका बादलीत भागवतो. आधी टोमॅटो, वांगी, काकडी. मग त्याच पाण्यात शेवगा, गवार. सगळ्यांत शेवटी मेथी आणि कोथिंबीर, कारण त्यांची माती पाणी गढूळ करून टाकते. मग पिण्याच्या पाण्याचा एक हात सगळ्यांवरून. गढूळ पाणी जातं कढीपत्त्याला. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा सल्लाही फार अवघड नव्हता: पिशवी तीन-चार तास बाजूला ठेवा, मग कोमट पाण्यात धुवा, वाटलं तर ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवा आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने काढा. साबण आणि जंतुनाशक भाजीला लावू नका, हे त्यात स्पष्ट होतं. तरी आमच्या ओळखीत एकीने द्राक्षं भांड्याच्या साबणाने धुतली आणि पोरांची पोटं बिघडली.

भाजी आम्ही गाड्यावरूनच घेतो. गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारात, एरवी जायला मला आवडतं. सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये देवीचं मंदिर, काय हवं ते मिळतं. पण जिथे सोळा रस्त्यांची माणसं एकत्र येतात, तिथे साथीत कशाला जा? गाडेवाल्या मावशी फाटकाबाहेर थांबतात, मी आतून सांगते, त्या टोपलीत टाकतात. निवडून घेता येत नाही, भेंडी कधी जून निघते. भाव गोलाईपेक्षा चार पैसे जास्त. ते मी मुकाट्याने देते. उन्हातान्हात दहा गल्ल्या फिरून दिवसभरात शेकडो माणसांसमोर त्या उभ्या राहतात, धोका खरा त्यांना आहे. त्यांना धड मास्क मिळाला तर आपलीही सोय, म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून त्यांना चार कापडी मास्क शिवून दिले.

आता गिरणी. पुण्या-मुंबईच्या लेखांत पीठ पाकिटातून येतं, म्हणून तिचं नाव कुठे दिसत नाही. आमच्याकडे दोन वेळची ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ साठवून चालत नाही, जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. म्हणजे किराणा महिन्याचा भरला तरी आठ-दहा दिवसांनी गिरणीची पायरी चढावीच लागते. आणि गिरणी म्हणजे काय? दहा बाय दहाची खोली, एक दार, खिडकी असली तर पिठाने बुजलेली. पट्टा सुरू झाला की काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या कानाशी जाऊन ओरडतात. पिठाने नाक चुरचुरतं म्हणून मास्क खाली, मग शिंका, खोकला. आपला डबा आधी लागावा म्हणून कुणी जागचं हलत नाही. मोठ्याने बोलताना तोंडातून कण जास्त उडतात आणि कोंदट जागेत ते रेंगाळतात, हे वाचलं तेव्हा मला आमची गिरणीच डोळ्यांसमोर आली.

गिरणीवाल्या काकांशी बोलून एवढंच ठरवलं: सकाळी डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा, झाकणाला चिठ्ठी, त्यावर नाव, धान्य आणि 'बारीक' की 'मध्यम'. संध्याकाळी न्यायचा. काकांना आधी पटेना. "ताई, डबा कुणी नेला तर मला बोल लावताल." पण दोन-चार घरांनी सुरू केल्यावर बाकीचेही करायला लागले. तोटा एकच, आधी कुणाचं धान्य दळलंय ते कळत नाही. एकदा आमच्या ज्वारीत कुणाच्या तरी हरभऱ्याचं पीठ आलं, भाकरी पिवळसर झाली. सासूबाईंनी मात्र चवीने खाल्ली. काही शेजाऱ्यांनी घरघंटी घेतली. ती महाग, आवाजही होतो, पण ज्यांच्याकडे म्हातारी माणसं आहेत त्यांनी जमत असेल तर विचार करावा.

दुसऱ्या लाटेत ही सगळी घडी पणाला लागली. राज्य सरकारचे 'ब्रेक द चेन'चे नियम आले आणि २० एप्रिलपासून किराणा दुकानं सकाळी सात ते अकराच उघडी. हेतू चांगला असेल, पण दिवसभरात विखरून येणारी माणसं चार तासांत कोंबली की काय होणार? साडेदहाला तर झुंबड. आणि अकरानंतर वेगळाच प्रकार. काही दुकानांत शटर अर्धं खाली ओढून आत पाच-सहा गिऱ्हाईकं, बाहेर एक जण पोलिसांची गाडी येते का ते पाहायला उभा. म्हणजे उघड्यावरची खरेदी बंद खोलीत गेली, तीही सगळ्यांत वाईट दिवसांत. घरपोच द्यायला अकरानंतरही मुभा होती, तिचा आम्हाला फार आधार झाला. त्या महिन्यात यादीचं काम खऱ्या अर्थाने कळलं.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडली आणि ती काही नवी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाचं धान्य भरायची आपल्याकडची रीत. यंदा आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्येच गावाकडची ज्वारी आणि गहू आणले, उन्हं दिली, गव्हाला एरंडेल चोळलं, ज्वारीत लिंबाचा पाला घालून कोठी भरली. तेलाचा पंधरा किलोचा डबा, डाळ, गूळ, काळा मसालाही घरात. एप्रिलमध्ये रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या तेव्हा यादीत दूध, भाजी आणि चहापत्ती एवढंच उरलं होतं. अर्थात हे ज्याच्या हातात एकरकमी पैसे आणि घरात जागा आहे त्यालाच जमतं. रोज कमावून रोज पावशेर तेल नेणाऱ्याला 'फेऱ्या कमी करा' हे सांगणंसुद्धा चेष्टा वाटेल. त्यांच्यासाठी दुकानं जास्त वेळ उघडी असणं हाच उपाय होता.

ही पद्धत कुणाला जमेल? ज्यांचा दुकानदार ओळखीचा आहे, ज्यांना भाजी निवडून घेण्याची हौस बाजूला ठेवता येते, त्यांना नक्की. ब्रँड बदलला की ज्यांचं डोकं फिरतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. एकटी राहणारी वयस्कर माणसं आणि साधा फोन असेल तर शेजाऱ्याने आपल्याच यादीखाली त्यांची यादी लिहावी. आमच्या गल्लीत दोन घरांचं असं चालू आहे, बिलं मात्र वेगवेगळी करून घ्या, नाहीतर चार-पाच रुपयांवरून हिशेब लांबतो.

७ जून २०२१ पासून निर्बंध सैल झालेत, दुकानं दिवसभर उघडी आहेत, चुन्याचे गोल केव्हाच पुसले गेलेत. लिंबाखाली पुन्हा माणसं दिसायला लागलीत, मास्क बहुतेकांचे खिशात. आम्ही यादी चालूच ठेवणार आहोत, सासूबाईंचा लसीचा दुसरा डोस झाला तरी. गिरणीचा कट्टा पावसात कसा वापरायचा ते मात्र ठरायचंय. पत्रा टाकून द्या म्हणून काकांच्या मागे लागलोय, ते म्हणतात अर्धे पैसे तुम्ही द्या. गल्लीतून वर्गणी काढायचं चाललंय.