इम्पोस्टर सिंड्रोमवरचा ऑनलाइन कोर्स: गटासाठी घ्या, व्हिडिओंसाठी नको (साडेतीन तारे)

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इतरांनी केलेली डिझाइन्स तपासून ड्रॉइंगवर शेवटची सही करणं हे माझं काम. ही जबाबदारी आल्यापासून एकच विचार डोक्यात घर करून होता: आपल्याला यातलं खरं काही येत नाही, आजवर कसंबसं निभावलं, एक दिवस कुणीतरी साधा प्रश्न विचारेल आणि पितळ उघडं पडेल. बढतीचं पत्र हातात आलं तेव्हाही वाटलं, यांना दुसरं कुणी मिळालं नसेल. या भावनेलाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, इम्पोस्टर म्हणजे तोतया. म्हणून हा सहा आठवड्यांचा कोर्स घेतला. दर आठवड्याला एक रेकॉर्डेड व्हिडिओ, एक वर्कशीट आणि आठ जणांच्या गटाबरोबर लाइव्ह सेशन. याच साच्याचे कोर्स बरेच आहेत, त्यामुळे नावापेक्षा आत काय असतं ते सांगते.

पहिला व्हिडिओ उत्तम. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या अनुभवावरून हा प्रकार पहिल्यांदा मांडला, तिथून सुरुवात होते. पदव्या आहेत, मान आहे, तरी आतून ‘आपण सगळ्यांना फसवतोय’ हेच. त्यातलं चक्र फार नेमकं समजावलंय. नवं काम आलं की धास्ती. मग एक तर गरजेच्या दुप्पट तयारी, नाहीतर शेवटच्या घटकेपर्यंत टाळाटाळ. काम फत्ते झालं की तयारी करणारा म्हणतो, ‘राबलो म्हणून झालं’, टाळणारा म्हणतो, ‘नशीब’. दोघांच्याही खात्यात जमा काहीच नाही. इथे मी व्हिडिओ थांबवला. सॉफ्टवेअरने दिलेलं बीमचं उत्तर मी हाताने पुन्हा पुन्हा काढते आणि जुळलं की म्हणते, एवढं तपासलं म्हणून बरोबर आलं. ते पहिल्याच वेळी बरोबर होतं, याची नोंद मनात कधी होतच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात क्लान्सची प्रश्नावली. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज १०० पैकी. साठच्या वर गेलात तर या भावना वारंवार येतात, ऐंशीच्या वर तर तीव्र. माझा आकडा या दोन्हींच्या मधला. प्रश्नावली चांगली आहे, पण कोर्स तिच्याकडे रक्ताच्या रिपोर्टसारखं बघतो. इम्पोस्टर सिंड्रोम हे अधिकृत मानसिक निदान नाही, डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ते नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. जाहिरातीत ‘८२ टक्के लोकांना हे होतं’ असं ठळक छापलंय. २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत कुठेही सापडलं होतं, कुठली प्रश्नावली आणि कुठली मर्यादारेषा घेतली त्यावर अवलंबून. यांनी वरचं टोक तेवढं उचललं. इतक्या फरकाने हलणाऱ्या आकड्यावर मी तरी स्लॅब टाकणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात ‘तुम्ही पाचपैकी कुठल्या प्रकारचे इम्पोस्टर?’ मला पाचही लागू पडले. पुढे.

पैसे वसूल झाले ते गटात. क्लान्स आणि आइम्स यांनीही गटातल्या उपचारांची शिफारस केली होती, ती का हे पहिल्याच सेशनला कळलं. दुसऱ्याचं म्हणणं ऐकताना त्यातला खोटेपणा लगेच दिसतो. एक भूलतज्ज्ञ होत्या. म्हणाल्या, माझ्या वाट्याला सोप्या केसेस येतात म्हणून निभावतंय. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला: “तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना फसवलंय, तर तुमचे वरिष्ठ मूर्ख असले पाहिजेत. आहेत का?” माझे वरिष्ठ बाकी कसेही असोत, काँक्रीटच्या बाबतीत त्यांना फसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही. या एका प्रश्नाने जे झालं ते सगळ्या वर्कशीट्सनी मिळून झालं नाही. तरी एक वर्कशीट मी अजून वापरते: कुणी कौतुक केलं की त्यांचेच शब्द लिहायचे, शेवटी ‘पण’ जोडायचा नाही. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

आता तक्रार. हा कोर्स सगळ्याच शंकांना शत्रू मानतो. शंका आली की तिला ‘थँक यू’ म्हणा आणि पुढे चला, असा सल्ला. माझ्या कामात असं पुढे चालता येत नाही. ‘या स्लॅबचं डिफ्लेक्शन (भाराखाली वाकणं) जास्त वाटतंय’ ही एक शंका. ‘मी या खुर्चीच्या लायकीची नाही’ ही दुसरी. पहिलीचा निकाल गणिताने लागतो. दुसरीचा कितीही गणितं केली तरी लागत नाही, आणि गोंधळ असा की आपण दुसरीला गप्प करायला पहिलीची गणितं करत बसतो. हे मी सेशनमध्ये मांडलं, तर उत्तर आलं, “तुमच्यातला परफेक्शनिस्ट बोलतोय.” अर्धा तारा तिथे गेला. आता मी स्वतःच ठरवलंय: गणिताची शंका असेल तर एकदा मी तपासते, एकदा सहकारी, आणि सही.

उरलेला तारा गेला तो कामाच्या जागेवर अवाक्षरही नसल्यामुळे. बैठकीत प्रश्न मला असतो आणि उत्तरासाठी नजर माझ्या हाताखालच्या पुरुष ज्युनिअरकडे जाते, तेव्हा शंका माझ्या डोक्यात आपोआप उगवलेली नसते. रुचिका तुलशान आणि जोडी-अ‍ॅन ब्युरी यांनी २०२१ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या व्यवस्थापनावरच्या नियतकालिकात नेमका हा मुद्दा मांडला होता: बायकांना दुरुस्त करण्याआधी ऑफिसं दुरुस्त करा. कोर्समध्ये निदान उल्लेख हवा होता.

फक्त व्हिडिओंचा स्वस्त पर्यायही आहे, तो घेऊ नका. गट वगळला तर हाताशी फारसं काही उरत नाही. आणि झोप उडाली असेल, कामावर जायच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर आधी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही सूचना कोर्समध्येही आहे, पण शेवटच्या व्हिडिओच्या शेवटच्या मिनिटात. ती पैसे भरायच्या पानावर हवी.