कीप, नोशन की ऑब्सिडियन: नोंदींचं ॲप बदलावं का?

रावेर-यावलकडची केळीवाल्या घरातली पोरं आता शेताच्या नोंदी पण फोनमध्येच ठेवतात आणि त्यातलेच बरेच जण जळगावला अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतात, म्हणजे एकाच फोनमध्ये ठिबकमधून कोणतं खत कधी सोडलं ते पण आणि राज्यघटनेच्या नोट्स पण. मग कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ कीप सोडून नोशन घेऊ का, का ऑब्सिडियन? म्हणून एकदा नीट लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फीचर मोजत बसू नका, दोन गोष्टी बघा. रेंज नसताना उघडतं का, आणि उद्या सोडायचं म्हटलं तर आपलं लिहिलेलं धड परत हातात येतं का. टेम्प्लेट, रंग, एआय हे सगळं त्याच्यानंतर.

बहुतेकांकडे आत्ता गुगल कीपच आहे (नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज). फुकट, हलकं, जुन्या फोनवर पण चालतं, अँड्रॉइडवर नेट नसताना लिहून ठेवलं तरी रेंज आली की आपोआप सिंक होतं. मजूर किती आले, फवारणीला किती पंप लागले, असल्या दोन ओळींच्या नोंदीला याच्यापेक्षा बरं काही नाही. पण फोल्डर नाहीत, नुसती लेबलं, आणि एका नोटला साधारण २० हजार अक्षरांची मर्यादा, त्यामुळे पंचायत राजची एकच नोट वाढवत नेली की पुढे अडकतं. रिमाइंडर पण आता गुगल टास्कमध्ये जातात. डेटा टेकआउटमधून (गुगलची आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) निघतो, एचटीएमएल आणि जेसन फाइल मिळतात, वाचायला ठीक.

नोशन दिसायला एकदम भारी आणि टेबलच्या कामात खरंच दमदार आहे. कोणत्या व्यापाऱ्याला किती क्विंटल माल गेला, काय भाव लागला, पैसे आले का राहिले, हे टेबल करून भावाबरोबर शेअर केलं की दोघांना एकच हिशोब दिसतो, ही सोय बाकी दोघांत इतकी चांगली नाही. एकट्याला फुकट प्लॅन पुरतो. पण फुकटात एक फाइल ५ एमबीपर्यंतच चढते, आणि आजकालच्या फोनचा पानावरच्या करप्याचा एक फोटो पण कधीकधी त्याच्या वर जातो. दुसरं म्हणजे ऑफलाइन. ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलं, पण फुकट प्लॅनवर जे पान ऑफलाइन हवं ते एकेक करून आधीच निवडून ठेवावं लागतं, आणि टेबल निवडलं तर त्याच्या पहिल्या व्ह्यूमधल्या पहिल्या ५० नोंदीच उतरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाल गावाकडे वगैरे ज्याची बाग आहे त्याने हे नीट समजून घ्या, कारण मे महिन्यात लाईट गेली की टॉवर पण कधी साथ देतो कधी नाही, आणि नेमकी तेव्हाच मागच्या वर्षीची नोंद लागते.

ऑब्सिडियनचं गणित वेगळं आहे. तुमची प्रत्येक नोट म्हणजे तुमच्याच फोनमधली किंवा लॅपटॉपमधली एक साधी मार्कडाउन फाइल (नुसत्या मजकुराची), जी नोटपॅडमध्ये सुद्धा उघडते, म्हणजे ॲप उद्या बंद पडलं तरी लिहिलेलं जागेवरच. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) लावली तर कापणीला वर्षभर लागतं, मग पिलबाग (त्याच झाडांच्या पिलांवरचं पुढचं पीक), म्हणजे एका लागवडीची नोंद दोन-अडीच वर्षं तरी हाताशी पाहिजे, आणि अभ्यासाच्या नोट्स तर पूर्व, मुख्य, मुलाखत करत त्याहून जास्त चालतात. ॲप फुकट आहे, फेब्रुवारी २०२५ पासून धंद्याच्या कामाला पण लायसन्स घ्यावं लागत नाही. शोधताना फक्त एक लक्षात ठेवा, "करपा" टाकलं तर "करप्यावर" लिहिलेलं सापडणार नाही, "करप" एवढंच टाका.

त्रास आहे तो सिंकचा. त्यांचं स्वतःचं सिंक वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिन्याला ४ डॉलर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास पडतं, नाहीतर अँड्रॉइड आणि लॅपटॉप जोडायला तिसरं ॲप शोधा आणि सेटिंग करत बसा. ज्याला ते जमत नाही किंवा करायचंच नाही त्याने एकाच फोनवर वापरा आणि फोल्डरची कॉपी दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या. घरात दोघा-तिघांना एकाच वेळी लिहायचं असेल तर मात्र हे घेऊच नका.

एव्हरनोट या नोंदींच्या जुन्या ॲपवर अजून कोणी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. कंपनी इटलीच्या बेंडिंग स्पून्सने घेतली आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्याला ५० नोट्स आणि एकच नोटबुक. जास्तीच्या जुन्या नोट्स दिसतात, निघतात पण, नवीन टाकता येत नाही. पैसे भरायचे नसतील तर तुमच्यासाठी बदलायचं कारण पक्कं आहे. ऑब्सिडियनच्या इम्पोर्टर प्लगिनमध्ये (वरून जोडायची सोय) एव्हरनोट, कीप, नोशन तिघांचं आत घेता येतं.

तर कोणी काय करायचं? नोंदी छोट्या असतील आणि कीपमध्ये सापडत असतील तर अजिबात हलू नका. हिशोब दोघांत आहे आणि नेट बऱ्यापैकी असतं, तर फक्त हिशोब नोशनला न्या. एकट्याच्या, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि अभ्यास असेल तर ऑब्सिडियन, मी तरी हेच सांगेन. आणि न्यायच्या आधी आत्ताच्या ॲपमधून सगळं एकदा एक्सपोर्ट करून बघा, फोटो आले का, मराठी अक्षरं नीट उघडली का, तारखा टिकल्या का. परीक्षेच्या महिन्यात किंवा माल निघायच्या धांदलीत हे काम काढू नका. जुनं सगळं हलवायची पण गरज नाही, यंदाच्या कांदेबागेपासून (पावसाळ्यानंतर लावायची केळी) नवीन ठिकाणी लिहायला घ्या, जुनं ॲप एक वर्ष तसंच फोनमध्ये राहू द्या.