संघर्ष की पूर्वसूचना: 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये जास्त काय झोंबतं?

शेक्सपिअरच्या या नाटकात दोन्ही आहेत. संघर्ष थेट अंगावर येतो: पहिल्याच प्रवेशात एका घराण्याचे नोकर अंगठा चावून वैरी घराण्याच्या नोकरांना डिवचतात आणि बघता बघता तलवारी उपसल्या जातात. वातावरण तापतं खरं, पण मारामारी थांबली की ताण ओसरतो.

पूर्वसूचना मात्र पाठ सोडत नाही. 14 ओळींची नांदी प्रेमिकांचा मृत्यू आधीच सांगून टाकते; मग बाल्कनीखालच्या गोड बोलण्यावरही सावट राहतं. तिसऱ्या अंकात निरोप घेऊन खाली उतरलेला रोमिओ ज्युलिएटला थडग्याच्या तळाशी असलेल्या प्रेतासारखा भासतो. त्यानंतर दोघांचं एकमेकांशी बोलणं कधीच होत नाही! माझ्या जिव्हारी लागते ती हीच जागा. अर्थात, संघर्षाशिवाय ही जागाही आली नसती: ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्टने रोमिओचा मित्र मर्क्युशिओला मारलं नसतं, तर रोमिओने सूडापोटी टिबॉल्टला मारलं नसतं आणि त्याला शहर सोडावंच लागलं नसतं.