कणांच्या बारशाची सोय: पार्टिकल डेटा ग्रुपच्या नामकरण-पद्धतीचे परीक्षण

नव्या मूलद्रव्याचे नाव ठरवायचे असेल तर रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे लेखी नियम असतात, प्रस्ताव येतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते आणि मगच शिक्कामोर्तब होते. अणूपेक्षा लहान कणांसाठी मात्र अशी अधिकृत कचेरी अस्तित्वात नाही. ती उणीव व्यवहारात भरून काढते ती पार्टिकल डेटा ग्रुपची यादी. १९५७ मध्ये मरे गेल-मान आणि आर्थर रोझेनफेल्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या कणांच्या कोष्टकांपासून तिची परंपरा सुरू होते आणि गटाचे मुख्यालय अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा, दर दोन वर्षांनी निघणारा संदर्भग्रंथ, खिशात मावणारी पुस्तिका आणि सर्वांना विनामूल्य खुले असलेले संकेतस्थळ अशा तीन रूपांत ती मिळते. यादीतील मोजमापांच्या दर्जाविषयी तज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत परीक्षण केवळ नावांपुरते आहे.

पूर्वी नाव ठेवण्याचा मान शोधकाचा असे आणि त्यात लहरीला भरपूर वाव होता. जॉन्स्टन स्टोनी यांनी १८९१ मध्ये सुचवलेला ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द टिकला, परंतु ज्यांनी १८९७ मध्ये तो कण प्रत्यक्ष ओळखला ते थॉमसन त्याला ‘कॉर्पसल’ म्हणत राहिले. म्यूऑनला काही काळ म्यू-मेसॉन म्हटले गेले आणि तो मेसॉन, म्हणजे साधारणतः क्वार्क या मूलभूत घटकाची आणि प्रति-क्वार्काची जोडी असलेला कण, नव्हेच हे नंतर स्पष्ट झाले. पुढे हॅड्रॉनांची, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांची, अशी रीघ लागली की मोकळे अक्षर दिसेल ते वापरले जाऊ लागले. ‘बी’ हे अक्षर एका हलक्या मेसॉनकडे होते आणि बॉटम जातीचा क्वार्क असलेल्या जड मेसॉनांकडेही. या गोंधळावर उपाय म्हणून गटाने आपल्या १९८६ च्या आवृत्तीत हॅड्रॉनांसाठी नवी पद्धत आणली. तो हलका मेसॉन तेव्हापासून ‘बी-१ (१२३५)’ झाला आणि ‘एफ’ नावाचा दुसरा एक मेसॉन ‘डी-एस’ झाला. जुन्या नावांची सवय झालेल्यांना हे रुचले असेलच असे नाही, पण बदल आवश्यक होता.

या पद्धतीचा खरा कस २०१७ मध्ये लागला. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने एका नव्या बॅरिऑनचा, म्हणजे तीन क्वार्कांच्या कणाचा, शोध जाहीर केला आणि त्याचे नाव काय ठेवावे याची चर्चा करण्याची वेळच आली नाही, कारण नाव आधीपासून तयार होते: शाय हे ग्रीक अक्षर, त्याच्या पायाशी दोन ‘सी’ आणि डोक्यावर दोन अधिक चिन्हे. शाय या अक्षराचा अर्थ असा की तीन क्वार्कांपैकी अप किंवा डाउन जातीचा क्वार्क एकच आहे. पायाचे दोन ‘सी’ सांगतात की उरलेले दोन्ही चार्म जातीचे आहेत. प्रत्येक चार्मचा विद्युतभार प्रोटॉनच्या भाराच्या दोन-तृतीयांश असल्याने दोघांचा मिळून चार-तृतीयांश होतो. एकूण भार दोन भरायचा तर तिसरा क्वार्क अपच असला पाहिजे, कारण डाउनचा भार ऋण असतो. एवढी माहिती तीन खुणांत बसवणे आणि तीही कण सापडण्याच्या आधी, हे या सेवेचे सर्वांत मोठे यश आहे असे मी मानतो.

संगणकावरील अनुकरणासाठी गटाने दिलेले क्रमांकही याच शिस्तीचे आहेत. इलेक्ट्रॉन ११, म्यूऑन १३, प्रोटॉन २२१२ आणि प्रतिकण असेल तर त्याच अंकाआधी उणे चिन्ह. ४४३ या क्रमांकातील दोन चार म्हणजे चार्म आणि प्रति-चार्म, तर शेवटचा तीन स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत फिरकी, एक असल्याचे दर्शवतो. हा क्रमांक ज्याचा आहे त्या कणाचे नाव मात्र शिस्तीला न जुमानता टिकून आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये सॅम्युएल टिंग यांच्या गटाने त्याला ‘जे’ म्हटले आणि बर्टन रिश्टर यांच्या गटाने ‘साय’. दोन्ही शोध एकाच वेळी जाहीर झाले, कोणीही माघार घेतली नाही आणि तेव्हापासून कण ‘जे/साय’ असे जोडनाव मिरवतो आहे. यादीने हा अपवाद तसाच राहू दिला, हे योग्यच झाले.

कंसातील आकड्यांविषयी माझी तक्रार आहे. तो आकडा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककातील वस्तुमान सुचवतो, पण मोजमाप सुधारले तरी नाव बहुधा तसेच राहते. ‘ऱ्हो (७७०)’ या मेसॉनचे वस्तुमान ७७५ च्या आसपास आहे. एवढा फरक चालून जातो. ‘एफ-शून्य’ नावाच्या अल्पायुषी मेसॉनची गोष्ट निराळी आहे. अनेक वर्षे यादीबाहेर राहून तो १९९६ मध्ये परतला तेव्हा त्याच्या कंसात ४०० ते १२०० अशी अख्खी मर्यादा होती. २००२ मध्ये ती ६०० झाली आणि २०१२ मध्ये ५००. जुना शोधनिबंध हाती घेणाऱ्याला हे तीन वेगळे कण वाटले तर दोष त्याचा नाही. अनिश्चित राशी नावात गोवल्याचा हा परिणाम आहे.

याहून अवघड प्रश्न २००३ पासून सुरू झाला. त्या वर्षी जपानमधील बेल प्रयोगाला सापडलेल्या कणाला ‘एक्स (३८७२)’ म्हटले गेले, आणि गुणधर्म अज्ञात असलेल्या कणाला ‘एक्स’ म्हणण्याची रीत पाहता ते रास्त होते. २०१३ मध्ये एलएचसीबीने त्याचे स्पिन आणि पॅरिटी (आरशातील प्रतिबिंबाशी निगडित गुण) निश्चित केली, तेव्हा नियमानुसार तो ‘काय-सी-१ (३८७२)’ ठरला. गटाचे म्हणणे असे की हे नाव केवळ स्पिन, पॅरिटी अशा मोजलेल्या पुंजगुणांवर आधारलेले आहे आणि आतील रचनेविषयी ते काहीच सांगत नाही. तर्क बिनतोड आहे, तरीही ‘काय-सी’ वाचताच चार्म आणि प्रति-चार्म यांची साधी जोडी डोळ्यांसमोर येते आणि या कणाच्या बाबतीत वाद नेमका त्याच मुद्द्यावर आहे. शास्त्रज्ञ बोलताना अजूनही सर्रास ‘एक्स’च म्हणतात. २०१३ मध्येच सापडलेल्या विद्युतभारित ‘झेड-सी (३९००)’ मध्ये किमान चार क्वार्क असलेच पाहिजेत, म्हणून त्याला आता टेट्राक्वार्कचा ‘टी’ मिळाला आहे. म्हणजे विद्युतभार नसलेला ‘एक्स (३८७२)’ सामान्य कुटुंबात आणि भारित कण निराळ्या कुटुंबात, ही विभागणी नियमाने आपोआप झाली.

पेंटाक्वार्कांसाठी, म्हणजे पाच क्वार्कांच्या कणांसाठी, ‘पी’ आहे, परंतु तेथे दोन बोली चालू आहेत. एलएचसीबीने २०२२ मध्ये आपली स्वतंत्र पद्धत मांडली आणि त्याच वर्षी जाहीर केलेल्या ४३३८ वस्तुमानाच्या कणाला ‘पी’च्या डोक्यावर लॅम्डा आणि पायाशी ‘साय’ व ‘एस’ असे नाव दिले. पार्टिकल डेटा ग्रुपने अक्षर तेच ठेवले, मात्र पायाशी ‘सी’ (चार्म), ‘सी-बार’ (प्रति-चार्म) आणि ‘एस’ (स्ट्रेंज) असे क्वार्कच लिहिले. मला दुसरी रीत अधिक पसंत आहे, कारण ती पाठांतराशिवाय वाचता येते. संकेतस्थळावर कणाच्या नोंदीतच त्याची प्रचलित पर्यायी नावेही दिलेली आढळतात, त्यामुळे नवख्याने शोध छापील पुस्तिकेऐवजी तेथून सुरू करावा.