दुखापतीनंतर सोनं रोळायचंय? परात, पाट, डिटेक्टर आणि नदी यांत काय निवडावं

खुब्याचं हाड जोडलेलं, मणक्यात स्क्रू बसलेले किंवा मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. काही महिने घरात काढायचे आहेत आणि फिजिओ म्हणतात, हातपाय चालते ठेवा. अशा दिवसांत वाळूतून सोनं धुऊन काढण्याचा छंद खरोखर उपयोगी पडतो. मन गुंततं, हालचाल लहान आणि लयीत होते, आणि कालच्यापेक्षा आज किती जमलं हे दाणे मोजून कळतं. मात्र साधन निवडताना ‘सोनं कशात जास्त मिळेल’ हा विचार बाजूला ठेवा. तुमचा कुठला सांधा बरा होतोय आणि त्या सांध्यावर कुठल्या साधनाचा भार कमी पडतो, एवढंच बघायचं.

या कामाला आपल्या स्वयंपाकघरात शब्द तयारच आहे: रोळणं. तांदूळ रोळताना पाण्याबरोबर तांदूळ पुढे सरकतात आणि खडे तळाला राहतात. इथे तांदळाच्या जागी वाळू आणि खड्याच्या जागी सोनं. साध्या वाळूची घनता २.६५, तिच्यातल्या काळ्या लोहकणांची ५.२ आणि सोन्याची १९.३. फरक इतका मोठा असल्यामुळे ताकद लागत नाही, सबुरी लागते.

आधी नदीचा विषय मिटवू

बेळगावकडच्या मलप्रभा किंवा मार्कंडेय नदीच्या पात्रात परात घेऊन बसावं, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. बसू नका.

पहिलं कारण कायद्याचं. खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ नुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणं हाच गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. छंदासाठी वेगळी सवलत त्यात नाही. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात किंवा गदगच्या कप्पतगुड्डात तर वन्यजीव कायदाही लागतो; कप्पतगुड्ड २०१९ पासून अभयारण्य आहे.

दुसरं कारण जमिनीचं. बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी हा पट्टा बहुतांश काळ्या कातळाचा, बेळगावाभोवती वर जांभा. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गाकडे वालुकाश्म. या दगडांत सोन्याची आशा धरण्यासारखं काही नाही. बेळवडी, बैलहोंगल, मुरगोड या बाजूला जुना धारवाडी खडक आहे आणि तिथे सोन्याचा अंश मिळाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे, पण ती अंशाचीच. सोनं धुणाऱ्या जलगार लोकांची खरी जागा पलीकडे गदगजवळच्या दंबळ आणि सोरटूरच्या ओढ्यांत. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये दंबळच्या डोंगरांतल्या सोन्यावर सविस्तर लिहिलं.

तिसरं कारण तुमच्या शरीराचं, आणि आमच्या मते तेच सगळ्यांत मोठं. शेवाळलेल्या गोट्यांवर कुबडीचं रबर धरत नाही. टाक्यांची जखम ओली असेल किंवा बाहेरून सळ्या लावलेल्या असतील, तर नदीचं किंवा साचलेलं पाणी त्या जागेला लागता कामा नये. पावसाळ्यात तर दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका, आणि तो बारीक खरचटलेल्या जागेतूनही शिरतो. घाटावर बसून नदी बघा, मन हलकं होतं. परात घरी.

परात

पहिली खरेदी करायचीच असेल तर हीच. कडेला खाचा असलेली, काळी किंवा हिरवी प्लास्टिकची, २५ सेंमी व्यासाची. ३५ सेंमीची मोठी परात दुखापतीच्या काळात घेऊ नका. ती वाळू-पाण्यानं भरली की सहा-सात किलोंच्या घरात जाते. स्टीलची घरातली परात चालते, पण चकाकीमुळे बारीक कण दिसत नाहीत आणि अडवायला खाचा नसतात. लाकडी काठवट कण छान धरते, पण भिजली की जड होते. लोखंडी घमेलं असेल तर आधी चुलीवर तापवून तेलकटपणा जाळावा लागतो.

वजनाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण निर्णय त्यावर आहे. ओल्या वाळूचा एक लिटर म्हणजे जवळजवळ दोन किलो. म्हणून एका वेळी अर्धा लिटर, म्हणजे एक मोठा मगभरच घ्यायचा. परात टबातल्या पाण्याखाली ठेवून हलवली तर एक किलो कोरड्या वाळूचा भार हाताला साधारण ६०० ग्रॅमच लागतो, बाकीचं पाणी उचलतं. परात वर उचलून हवेत फिरवणं ही नवशिक्यांची पहिली चूक, आणि खांदा-मनगट दुखतं ते तिथे.

टब ६० सेंमी रुंद, २० ते २५ सेंमी खोल. त्यात २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, तेव्हा भरलेला टब कधीच उचलायचा नाही. नळीनं भरायचा, नळीनंच उपसायचा. टबाची कड कोपराच्या थोडी खाली यायला हवी. उभं राहून काम करणाऱ्यांना साधारण ८० सेंमीच्या ओट्यावर किंवा परसातल्या धुण्याच्या कट्ट्यावर टब ठेवला की उंची बरोबर जमते. बसून करणाऱ्यांनी ४८ ते ५० सेंमीच्या खुर्चीवर बसून टब ४० सेंमीच्या स्टुलावर, दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्यावा. बसायचा लाकडी पाट, चौरंग, उकिडवं बसणं सगळं बंद. पाणी कोमट असू द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचं टाकीचं पाणी बोटं आखडवतं.

आता हात. वाळू आधी चाळून घ्या: रव्याच्या चाळणीतून गाळलेली वेगळी, वरची भरड वेगळी. जाड आणि बारीक एकत्र रोळलं की जाड खडा बारीक सोन्याला ढकलून बाहेर काढतो. परात पाण्याखाली धरून बोटांनी मातीचे गोळे फोडा, कारण चिकणमातीच्या गोळीत अडकलेला कण तिच्याबरोबर वाहून जातो. मग परात सपाट ठेवून डावीकडे-उजवीकडे दहा-पंधरा सेकंद झटक्यानं हलवा. जड कण याच वेळी खाली बसतात, नंतर नाही. खाचांची बाजू पुढे करून थोडी कलती धरा, पाण्यात बुडवा, वर घ्या. वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या. चार-पाच वेळा झालं की पुन्हा सपाट धरून हलवा. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. ती वाळवा, चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून फिरवा. लोहकण पिशवीला चिकटतात, पिशवी उलटी केली की सुटतात.

एक गोष्ट फार जण विसरतात. नव्या प्लास्टिकला आणि आपल्या हातांना तेल असतं, आणि तेलकट झालेला बारीक कण एवढा जड असूनही पाण्यावर तरंगतो. परात बारीक वाळूनं घासून घ्या आणि टबात रिठ्याचं पाणी अर्धा कप टाका. पाण्यावरचा पापुद्रा मोडतो आणि कण टपकन खाली जातो. डोळ्यांसमोर बघण्यासारखी गोष्ट आहे ती.

पाट

दुसरा पर्याय पाट, म्हणजे तळाला आडव्या पट्ट्या असलेली लहान उतरती पन्हळ, पंपाच्या पाण्यावर चालणारी. वाळू वाहून जाते, जड कण पट्ट्यांमागे अडकतात. त्याचा मोठा गुण असा की एका हातानं चालतो. दुसरा हात झोळीत असला तरी चमच्यानं वाळू सोडत राहता येतं, आणि मनगट वळवावं लागत नाही.

पण खर्च आणि खटपट जास्त. दर सेंटिमीटर रुंदीला ताशी साधारण २०० लिटर पाणी धरा. म्हणजे १० सेंमीच्या पाटाला २,००० लिटरचा पंप. लहान कूलरचा पंप याच्या निम्म्यावर असतो, म्हणून घेण्याआधी त्याच्यावरचा आकडा वाचा. उतार मीटरला ८ सेंमीपासून सुरू करा. तळाला खाचांची रबरी चटई, किंवा घरातल्या जुन्या घोंगडीचा तुकडा. खरखरीत लोकर बारीक कण उत्तम धरते.

पाटाकडे बघूनच त्याचं दुखणं कळतं. पट्टीमागे काळ्या वाळूची बारीक रेघ टिकून राहिली आणि वरची वाळू हलत असली, तर सगळं ठीक. पट्टीमागची जागा दगडासारखी घट्ट भरली तर पाणी कमी आहे, उतार कमी आहे किंवा तुम्ही चमचे घाईनं टाकताय. जागा अगदी मोकळी दिसली तर उतार जास्त झाला.

ओली फरशी आणि वायर एकत्र येतात हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. विजेच्या गळतीला बंद पडणारा स्विच असलेल्या जोडणीवरच पंप लावा आणि वायर चालण्याच्या वाटेतून नेऊ नका; वॉकरच्या पायात अडकणारी वायर नव्या फ्रॅक्चरला निमंत्रण देते. शिवाय पाट घेतला तरी परात सुटत नाही. चटईत साठलेलं शेवटी परातीतच रोळावं लागतं.

डिटेक्टर आणि सराफाचा केर

या दोन्हींना आमचा स्पष्ट नकार आहे. धातू शोधणारा डिटेक्टर दीड-दोन किलोंचा, आणि तो हात लांब करून तासन्‌तास झुलवायचा. खांदा आणि कंबर दोन्हींची वाट. जांभ्यातल्या लोहामुळे तो सारखा ओरडतो आणि वाळूतलं बारीक सोनं त्याला कळतच नाही. जमिनीत पुरलेलं जुनं काही सापडलंच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हलशीसारख्या जुन्या देवळांच्या परिसरात हे यंत्र काढूच नका.

झारेकरी सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोनं काढतात. तो पिढ्यांचा कसबी धंदा आहे. त्यात केर जाळणं येतं, पारा येतो, तेजाब येतं. बरगड्या किंवा फुप्फुस बरं होत असताना तो धूर आणि ती वाफ नको, आणि पारा तर घरात कधीच नको.

कुठल्या दुखापतीला काय

खुब्याचा सांधा बदलला असेल तर परात, पण उंच खुर्चीवर किंवा उभ्यानं. मांडीचा आणि धडाचा कोन ९० अंशांच्या आत येऊ नये असं सांगितलेलं असतं, आणि टबाच्या पलीकडच्या कडेला हात घालताना माणूस नकळत तेवढा वाकतो. म्हणून लागणारं सगळं अलीकडच्या कडेला.

मणक्याची शस्त्रक्रिया असेल तर ओट्यावर टब, उभ्यानं परात. वाकणं, उचलणं, पीळ देणं या तिन्हींना मनाई असते. वाळूची बादली दुसऱ्यानं आणून कमरेइतक्या उंचीवर ठेवायची. दहा लिटर ओली वाळू वीस किलो भरते.

मनगट मोडलं असेल तर प्लास्टर असेपर्यंत चांगल्या हातानं पाट. प्लास्टर निघाल्यावर आणि फिजिओनं होकार दिल्यावर परात, पहिले दिवस पाव लिटर वाळू. परातीची झटक्याची हालचाल मनगटाच्या व्यायामाशी जुळते, म्हणून इथे ती नुसता छंद राहत नाही.

खांद्याचे स्नायू शिवले असतील तर झोळी निघेपर्यंत चांगल्या हातानं पाट, तोही शिवलेला हात अजिबात न हलवता. डोक्याला मार लागून चक्कर येत असेल तर पाण्याकडे एकटक बघणं त्रास देतं, थांबा. कमरेखाली संवेदना नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचला, नाहीतर खेळाच्या नादात जखम होते.

डॉक्टरांना ‘सोनं धुऊ का’ असं विचारलं तर ते गोंधळतील. विचारा: किती किलो उचलू, किती मिनिटं बसू, कुठली हालचाल बंद? तीन उत्तरं मिळाली की वरचं सगळं मापात बसवता येतं. पंधरा मिनिटांचा गजर लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं उरलं असेल तर वाळू आणि वेळ दोन्ही निम्मी करा.

सरावाचा माल

बांधकामातली उरलेली नदीची वाळू, एक बुट्टी पुरे. क्रशरची वाळू धारदार असते, हात कापते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. वाळूत लेथवाल्याकडून आणलेल्या पितळेच्या किसाचे वीस तुकडे मोजून टाका, मोहरीच्या निम्म्या आकाराचे. पितळेची घनता साडेआठ. ते परातीत राहिले तर तेवढ्याच आकाराचं १९.३ चं सोनं नक्कीच राहतं. शिशाचे छर्रे वापरायची जुनी पद्धत आहे, पण शिसं विषारी आणि घरात लेकरं असतात. सलग पाच वेळा वीसपैकी अठरा हाती आले की सराफाकडून पावतीनं १०० मिलिग्रॅम सोन्याचा कीस घ्या, हातोडीनं चपटा करा आणि धुण्याआधी-धुतल्यानंतर त्याच्याच काट्यावर वजन करून बघा.

धुतलेली वाळू मोरीत सोडू नका, पाइप तुंबतो. दोन बादल्या ठेवा: अर्ध्या कामापर्यंतची वाळू पहिलीत, नंतरची दुसरीत. तुकडे कमी भरले तर दोन्ही बादल्या वेगवेगळ्या रोळा. हरवलेले पहिलीत सापडले तर सुरुवातीचं सपाट हलवणं कमी पडलं किंवा मातीचे गोळे फुटले नव्हते. दुसरीत सापडले तर घड्याळ बघा. बहुतेक वेळा पंधरा मिनिटं उलटून गेलेली असतात आणि हात दमलेला असतो.