दारव्ह्याच्या ताडपत्री कारागिराने शिवलेल्या सॅडल बॅगा: कोकण किनाऱ्यावरचा अनुभव

मोटारसायकलवर मुक्कामाचे सामान न्यायचे असेल तर तंबूच्याही आधी बॅगांचा विचार करावा लागतो. तंबू भिजला तर सकाळच्या उन्हात वाळतो, पण भिजलेली पांघरुणे आणि लेकराचे भिजलेले कपडे यांवर अनोळखी गावात रात्रीच्या वेळी काहीच इलाज चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सातवीत शिकणारी माझी मुलगी मोटारसायकलवर श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने गेलो आणि बहुतेक रात्री तंबूत राहिलो. आमचे सामान सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या ज्या सॅडल बॅगांमध्ये होते, त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ताडपत्र्या शिवून देणाऱ्या एका कारागिराकडून करवून घेतल्या होत्या. त्यांच्या दुकानाला पाटी नाही. दाराशी टांगलेल्या ताडपत्र्यांवरून ते ओळखावे लागते. आमच्या भागातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या, विशेषतः मूल सोबत नेणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: शिवणकाम उत्तम आहे, कापड योग्य आहे, मात्र त्याला लावलेल्या धातूच्या सामानाकडे गिऱ्हाइकाने स्वतः लक्ष दिले पाहिजे.

या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक शेतकरी आहेत. मृगाच्या आधी कवेलूंवर आणि कुटाराच्या ढिगावर टाकायला ताडपत्र्या लागतात, सोयाबीन सोंगून झाले की गंजी झाकायला लागतात, आणि दसऱ्यानंतर कापूस घरी यायला लागला की बंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या झाकायला लागतात. परतीचा पाऊस एका रात्रीत सोयाबीन काळे पाडू शकतो, त्यामुळे ज्याची ताडपत्री गळली तो शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभा असतो. इतक्या कडक परीक्षेत वर्षानुवर्षे उतरलेल्या माणसाकडे बॅगा शिवायला द्याव्यात, असे मला वाटले ते याच कारणाने. मी बॅगांची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी कापड दाखवण्याआधी शिलाईचा विषय काढला. “ताई, पाणी कापडातून नाही येत, सुईच्या भोकातून येते,” असे म्हणून त्यांनी एक जुनी ताडपत्री उजेडासमोर धरली आणि शिवणीवरून ओळीने दिसणारे प्रकाशाचे ठिपके माझ्या मुलीला दाखवले. ती पुढे संपूर्ण प्रवासात प्रत्येक पिशवी तशीच उजेडासमोर धरून पाहत होती.

कापडाबाबत त्यांनी ठामपणे सल्ला दिला आणि तो बरोबर ठरला. बाजारात सर्रास मिळणारी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली हलकी ताडपत्री स्वस्त असते, परंतु पुन्हा पुन्हा घडी पडली आणि ऊन लागले की तिच्यावरचा पातळ थर सुटतो आणि घडीवर चिरा पडतात. बॅगेचे तोंड दिवसातून अनेकदा गुंडाळावे लागत असल्याने ती त्यांनी नाकारली. मेणाची सुती ताडपत्री मजबूत असते, पण ती ओली झाली की वजन फार वाढते आणि नीट वाळली नाही तर तिला बुरशी धरते. शेवटी ट्रकवर टाकतात ती, आत पॉलिएस्टरचे विणलेले कापड आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप असलेली जाड ताडपत्री ठरली. दोरा पॉलिएस्टरचा वापरला, प्रत्येक शिवण दुहेरी दुमडीची घातली, आणि आतून त्याच कापडाची पट्टी सोल्युशनने चिकटवून सुईची भोके बंद केली. तोंडाला चेन लावली नाही. कापड तीन वळसे गुंडाळून वरून पट्टा आवळायचा, अशी रचना केली. वाळूच्या किनाऱ्यावर चेन अडकते, हे त्यांनी समुद्र न पाहताही ओळखले होते, कारण वावरातल्या मातीने चेनीचे काय होते ते त्यांना ठाऊक आहे.

मापे घेण्याची त्यांची पद्धत मला सर्वांत जास्त आवडली. त्यांनी मोटारसायकल स्टँडवर उभी करायला लावली, मला आणि मुलीला तिच्यावर बसवले, आणि मुलीचा गुडघा, पायाची टाच आणि मागच्या दिव्याची कड अशा तिन्ही ठिकाणी खडूने खुणा केल्या. लहान मुलाचे पाय मोठ्या माणसापेक्षा आखूड असतात, त्यामुळे मोठ्यांच्या मापाची आयती बॅग लावली की मुलाचा गुडघा तिला टेकतो, टाच फुटरेस्टवरून सरकते आणि तासाभरात मूल कंटाळून चुळबुळ करू लागते. आमच्या बॅगांचा पुढचा कोपरा त्यांनी तिरका कापला होता, म्हणून मुलीला पाय मोकळे ठेवून बसता आले. सायलेन्सरच्या बाजूला बॅग टेकू नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घ्यावी असे त्यांनी सांगितले, आणि बॅगेच्या त्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून दिला. तंबू आणि सतरंजीसाठीची लांबट थैली सीटच्या मागे आडवी बांधायची होती; तिची उंची त्यांनी मुलीच्या पाठीला आधार मिळेल अशी ठेवली. घाटातल्या चढावर हा आधार किती मोलाचा असतो, हे पालकांना सांगायला नको.

जाताना समृद्धी महामार्गाचा उपयोग नव्हता, कारण तिथे दुचाकीला परवानगी नाही. कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना या जुन्या रस्त्याने निघून पुढे पुण्यामार्गे ताम्हिणी घाटातून आम्ही माणगावला उतरलो. या टप्प्यात बॅगांबद्दल सांगण्यासारखे फारसे घडले नाही. धूळ आत गेली नाही आणि पट्टे सैल झाले नाहीत, एवढी नोंद पुरेशी आहे.

खरी परीक्षा किनाऱ्यावर सुरू झाली. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, तिथून बागमांडला येथे फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णे. पुढे दाभोळहून दुसऱ्या फेरीबोटीने वाशिष्ठी नदीच्या मुखापलीकडे धोपावे. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. आणि तवसाळहून तिसऱ्या फेरीबोटीने जयगड, असा आमचा मार्ग होता. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून ही सेवा असल्यामुळे चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. मोटारसायकलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: बोटीवर चढताना लोखंडी उतरण ओली आणि निसरडी असते, आणि भरती-ओहोटीप्रमाणे तिचा चढ कमी-जास्त होतो. अशा वेळी सामान उंच आणि मागे बांधलेले असेल तर पुढचे चाक हलके पडते. आमच्या बॅगा खाली आणि मागच्या चाकाच्या आसापेक्षा पुढे बसत असल्याने गाडी स्थिर राहिली. तरीही मुलीला प्रत्येक वेळी आधी उतरवून पायी चढायला सांगितले, आणि ते सर्वांनीच करावे.

तंबू आम्ही उघड्या पुळणीवर ठोकला नाही. उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर येते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि सोबत मूल असताना आसपास घर असलेले बरे, म्हणून घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांना विचारून त्यांच्या वाडीत किंवा सुरूच्या झाडांजवळ जागा घेतली. एका घरच्या आजींनी आम्हाला माडाखालून तंबू हलवायला लावला, कारण रात्री नारळ किंवा झावळी पडते. कोकणातल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, आपल्याला लागते. वाडीतही जमीन वाळूचीच असते आणि तिच्यात तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. कारागिराने उरलेल्या कापडाच्या चार छोट्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. त्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या हातभर खोल पुरल्या की तंबू जागचा हलत नसे. दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे अशी वाऱ्याची दिशा रोज बदलते, त्यामुळे चारही कोपरे सारखेच घट्ट बांधावे लागतात. संपूर्ण सामानात सर्वांत स्वस्त असलेल्या या पिशव्यांचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

गुहागरच्या पुढे एका रात्री मुसळधार पाऊस आला. बॅगा गाडीवरच होत्या, कारण त्या काढायला चार बकले सोडवावी लागतात आणि तेवढा वेळ मिळाला नाही. सकाळी मुलीने टॉर्च घेऊन बॅगेच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवत नेले. मुख्य कप्पे पूर्ण कोरडे होते. तिची चित्रांची वही, माझी औषधे आणि पांघरुणे यांना साधी ओलही लागली नव्हती. बाहेरच्या बाजूला शिवलेल्या खिशाच्या एका कोपऱ्यात मात्र दमटपणा आढळला. हा खिसा मुख्य बॅग तयार झाल्यावर वरून शिवला होता आणि त्या शिलाईला आतून पट्टी चिकटवलेली नव्हती, म्हणून तिथून पाझर लागला. ज्यांना बाहेरचा खिसा हवा असेल त्यांनी तो आधी शिवून, पट्टी चिकटवून, मगच बॅग जोडायला सांगावी.

आता मुख्य उणीव. बकले, रिंगा आणि पट्ट्यांची आयलेटे (भोकांभोवती ठोकलेली धातूची कडी) त्यांनी लोखंडी, वरून चकाकी दिलेली लावली होती. विदर्भाच्या कोरड्या हवेत अशा रिंगा बंडीच्या ताडपत्रीवर अनेक हंगाम टिकतात. समुद्राच्या हवेत हर्ण्याला पोहोचेपर्यंत प्रत्येक आयलेटाभोवती हिरव्या कापडावर तांबूस कडे उमटले, आणि जयगडला एका बकलाचा काटा इतका धरला की तो हलेना. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्यांनी खोबरेल तेल आणून दिले, तेव्हा तो सुटला. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे रात्रभर धातूवर पाण्याचा थर राहतो आणि चकाकीचा लेप जिथे खरवडला गेला असेल तिथून गंज आत शिरतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या कापडाने बकले पुसून तेलाचे बोट लावले तर वेग कमी होतो, हे आम्ही उरलेल्या प्रवासात पाहिले. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे सामान लावले असते तर हा व्याप वाचला असता.

परत आल्यावर मी बॅगा घेऊन दुकानात गेले. त्यांनी नखाने गंजाचा पोपडा काढून पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग सर्व आयलेटे काढून पितळी लावून दिली. त्यासाठी मजुरी घेतली नाही. पितळेचे पैसे मी आग्रहाने दिले. ज्या कामात त्यांना शिकायला मिळाले ते त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केले, ही गोष्ट मला कोणत्याही हमीपत्रापेक्षा मोठी वाटते.

आयत्या बॅगांशी तुलना करायची तर त्या नक्कीच हलक्या असतात आणि एका झटक्यात गाडीवरून निघतात. रोज मुक्काम बदलणाऱ्याला ही सोय मोठी आहे, आणि आमच्या बॅगा त्यात कमी पडतात. मात्र आयत्या बॅगांपैकी अनेकींना पावसासाठी वेगळे आवरण चढवावे लागते, ते वाऱ्याने फडफडते, आणि फाटले तर आपल्या तालुक्यात तसे दुसरे मिळत नाही. दारव्ह्याच्या बॅगा कुठेही फाटल्या तरी कोणत्याही गावातला ताडपत्रीवाला किंवा चांभार त्या शिवू शकेल. किंमत आयत्या चांगल्या बॅगांच्या साधारण निम्मी पडली, त्यात वेल्डिंगच्या चौकटीचा खर्चही आला.

काम मात्र सांगितलेल्या तारखेला मिळाले नाही. मी ऐन सोयाबीनच्या काढणीत बॅगा टाकल्या होत्या आणि आभाळ भरून आले की त्यांना शेतकऱ्यांच्या ताडपत्र्या आधी द्याव्या लागत होत्या. ते योग्यच होते, पण आम्हाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली. ज्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे आहे त्यांनी संक्रांतीनंतर, मार्चच्या आत काम टाकावे, गाडी आणि मूल दोन्ही सोबत न्यावे, आणि पितळी आयलेटे व स्टीलची बकले यवतमाळहून स्वतः आणून त्यांच्या हातात द्यावीत.