बडोद्यातील एका लॅबचे हृदयविकार-जोखीम पॅकेज

आमच्या वडिलांना सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, आणि ते तर तंबाखूच्या वाटेलाही न जाणारे गृहस्थ होते. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी दांडिया बाजारातील एका लॅबचे पॅकेज घेतले. तक्रारही करायची असल्याने लॅबचे नाव लिहीत नाही.

रक्त घ्यायला आलेला मुलगा वेळेवर आला आणि पहिल्याच टोचणीत त्याला शीर सापडली. तिथे बोट ठेवायला जागा नाही.

पॅकेजमधली खरी मोलाची तपासणी म्हणजे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक प्रकारचा कण. त्याचे प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या एलपीए या जनुकावर ठरते, पथ्याने किंवा व्यायामाने ते फारसे हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, ते दिसतही नाही. त्यामुळे ही तपासणी सहसा आयुष्यात एकदा केली तरी पुरते. माझा आकडा लिटरला १६८ नॅनोमोल आला. या एककात १२५ च्या वर जोखीम वाढलेली मानतात, तर मिलिग्रॅममध्ये ती मर्यादा डेसिलिटरला ५० आहे. लॅबच्या सारांशात मात्र माझे १६८ नॅनोमोल थेट त्या ५० शी ताडून ‘तिपटीहून अधिक’ असे लाल अक्षरांत छापले होते! या कणांचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने दोन एककांत ठरावीक गुणाकारही चालत नाही, मग अशी सरळ तुलना कुठली चालायला? घरी दोन रात्री कुणाला झोप नव्हती.

अपोलायपोप्रोटीन-बी या प्रथिनाची तपासणी उपयोगी आहे, कारण एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, प्रत्येक कणावर त्याचा एकच रेणू असतो आणि त्यामुळे घातक कणांची संख्याच कळते. उच्च-संवेदी सीआरपी शरीरातला दाह दाखवते आणि साध्या तापानेही वाढते; तिच्यासाठी रक्त दिले तेव्हा मला सर्दीताप होता, पण तसे कुणी विचारलेच नाही, ४.१ आलेला आकडा तीन आठवड्यांनी, पदरच्या पैशांनी, ०.९ झाला. होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाची तपासणी मला भरतीची वाटली, कारण शाकाहारी घरांत बी-१२ च्या कमतरतेनेही ते वाढते आणि जीवनसत्त्वांनी ते उतरवल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही.

पहिल्या दोन तपासण्या सुट्या मागितल्यास मिळतात, फक्त काउंटरवर ते आपण होऊन सांगत नाहीत. धाकट्या बहिणीने गेल्या आठवड्यात तिथेच एकटी लायपोप्रोटीन-ए करून घेतली. आकडा ४० नॅनोमोल, आणि सारांशात पुन्हा तीच ५० ची मर्यादा.